कळफलकाची निवड आणि परीक्षेतील समान संधी
नारायणगुड्यातील खोल्यांपासून गोव्यातील संगणकीय परीक्षा केंद्रांपर्यंत : स्क्रीन रीडरला मान्यता मिळाली, पण त्याच्या कळा कोणी ठरवायच्या?

हैदराबादमधील नारायणगुडा हा भाग मराठी माणसाला अपरिचित नाही. निजामाच्या राज्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये स्थापन झालेली केशव मेमोरियल शिक्षणसंस्था याच परिसरात आहे. मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता, त्या काळापासून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी येथे आलेली मराठी कुटुंबे शहराच्या या जुन्या भागात स्थिरावली. आज नारायणगुडा आणि त्याला लागून असलेले चिक्कडपल्ली, अशोकनगर हे भाग स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी ओळखले जातात. चिक्कडपल्लीच्या नगर केंद्रीय ग्रंथालयात दिवसभर उमेदवार पुस्तकांत डोके घालून बसलेले असतात आणि आजूबाजूच्या वसतिगृहांत, भाड्याच्या खोल्यांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात.

अशाच एखाद्या खोलीत तयारी करणारा दृष्टिहीन उमेदवार डोळ्यांसमोर आणावा. त्याला दिव्याची गरज नाही, पण लॅपटॉपची आहे. पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणारी ‘स्क्रीन रीडर’ ही संगणक प्रणाली हेच त्याचे पुस्तक, वही आणि वृत्तपत्र. तो माऊस वापरत नाही. वाचणे, मागे जाणे, शब्द पुन्हा ऐकणे, उत्तर तपासणे ही सगळी कामे तो कळफलकावरच करतो. त्यामुळे डोळस माणसाला अगदी किरकोळ वाटणारा एक प्रश्न त्याच्यासाठी पायाभूत ठरतो : स्क्रीन रीडरच्या आज्ञांसाठी कोणती कळरचना निवडायची, ‘डेस्कटॉप’ की ‘लॅपटॉप’?

हा प्रश्न आता खासगी सोयीपुरता उरलेला नाही. ३ डिसेंबर २०२५ रोजी, जागतिक दिव्यांग दिनीच, सर्वोच्च न्यायालयाने ‘मिशन अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या संस्थेच्या याचिकेवर निर्णय दिला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत दृष्टिबाधित उमेदवारांना स्क्रीन रीडर वापरता यावा, यासाठी आयोगाने कृती आराखडा आणि कालमर्यादा न्यायालयापुढे मांडावी, असा आदेश न्या. विक्रम नाथ व न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने दिला. या प्रणालीची चाचणी, प्रमाणीकरण आणि परीक्षा केंद्रांवरील सज्जता यांचाही आराखड्यात समावेश असावा, असे न्यायालयाने सांगितले. तत्त्व मान्य झाले आहे. आता कसोटी तपशिलाची आहे, आणि त्या तपशिलाचा आरंभ कळफलकापासून होतो.

दोन रचना कशा निर्माण झाल्या?

आज जगभर वापरल्या जाणाऱ्या स्क्रीन रीडरपैकी ‘जॉज’ हा सर्वांत जुन्यांपैकी एक. १९७८ मधील मोटार अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकी मोटारसायकल शर्यतपटू टेड हेंटर यांनी तो उभा केला आणि १९८९ मध्ये डॉस प्रणालीसाठी तो बाजारात आला. त्या काळी संगणक म्हणजे टेबलावरचे यंत्र आणि त्याच्या कळफलकाच्या उजव्या टोकाला अंकांचा स्वतंत्र चौकोन. आकडेमोड करणाऱ्यांखेरीज इतरांना हा चौकोन फारसा लागत नसे. दृष्टिहीन वापरकर्त्याला मात्र तो वरदान ठरला. उजवा हात त्या चौकोनावर ठेवून मजकुरात पुढे-मागे फिरता येई आणि लिहिण्याच्या कळांना धक्का लागत नसे. पाचच्या कळीवरील उंचवट्यामुळे बोटांना ठिकाणही चटकन सापडे.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकल करन यांनी ‘एनव्हीडीए’ या विनामूल्य आणि खुल्या प्रणालीचे काम सुरू केले, पुढे जेम्स टेह त्यांच्यासोबत आले. परवान्यासाठी मोठी रक्कम मोजणे ज्यांना शक्य नव्हते, अशा देशांतील विद्यार्थ्यांसाठी ही क्रांतीच होती. भारतातील असंख्य दृष्टिहीन विद्यार्थ्यांची संगणकाशी पहिली ओळख एनव्हीडीएमुळे झाली. या प्रणालीनेही अंकांच्या चौकोनावर आधारलेली ‘डेस्कटॉप’ रचना मूळ मानली आणि ज्या यंत्रांवर तो चौकोन नाही त्यांच्यासाठी ‘लॅपटॉप’ रचना वेगळी दिली.

दोन्ही रचनांचा आधार एका ‘आज्ञाकळी’वर आहे. ती दाबून धरून दुसरी कळ दाबली की ती आज्ञा स्क्रीन रीडरला जाते. डेस्कटॉप रचना वापरणारे सहसा ‘इन्सर्ट’ ही आज्ञाकळ मानतात, तर लॅपटॉप रचनेत बहुतेक जण ‘कॅप्स लॉक’ निवडतात. कारण उघड आहे. लहान लॅपटॉपवर ‘इन्सर्ट’ कळ कोठे असेल याचा नेम नसतो. कधी ती ‘डिलीट’सोबत एकाच कळीवर असते, कधी ‘एफएन’ दाबल्याखेरीज चालत नाही, तर कधी नसतेच. ‘कॅप्स लॉक’ मात्र प्रत्येक यंत्रावर डाव्या करंगळीखाली ठरलेल्या जागी असते.

तीच कळ, वेगळा परिणाम

या दोन रचनांतील फरक केवळ हाताच्या जागेचा असता, तर एवढी चर्चा करावी लागली नसती. खरी अडचण अशी, की काही कळजोड्या दोन्हीकडे सारख्या आहेत आणि त्यांचे अर्थ मात्र वेगळे आहेत. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप रचनेत आज्ञाकळ आणि खालचा बाण दाबला, की सध्याच्या जागेपासून सलग वाचन सुरू होते. लॅपटॉप रचनेत तीच जोडी केवळ पुढच्या ओळीवर नेते. सलग वाचनासाठी तेथे आज्ञाकळीसोबत ‘ए’ दाबावा लागतो. डेस्कटॉप रचनेत आज्ञाकळ आणि वरचा बाण ही जोडी चालू ओळ पुन्हा वाचून दाखवते, तर लॅपटॉप रचनेत ती मागच्या ओळीवर घेऊन जाते. चालू ओळ ऐकण्यासाठी तेथे ‘एल’ लागतो.

घरी बसून वाचताना ही चूक क्षुल्लक आहे. परीक्षेच्या घड्याळाखाली तिचे मोल वेगळे होते. प्रश्न सलग ऐकण्यासाठी उमेदवाराची बोटे वर्षानुवर्षांच्या सवयीने हलतात आणि कानावर एकच ओळ पडते. यंत्र अडकले की प्रश्नच तेवढा होता, हे त्याला कळत नाही. डोळस परीक्षार्थी एका नजरेत पान पाहून सावरतो. दृष्टिहीन परीक्षार्थ्यासाठी कळफलकाची सवय हीच नजर असते. अनोळखी रचना त्याच्यापुढे ठेवणे म्हणजे चष्मा लावणाऱ्याला दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून प्रश्नपत्रिका वाचायला लावणे होय.

त्यात परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या ‘सुरक्षित’ प्रणालींची भर पडते. गैरप्रकार टाळण्यासाठी अशा प्रणाली काही कळा आणि कळजोड्या निष्प्रभ करतात. हेतू रास्त असला, तरी स्क्रीन रीडरला लागणारी कळच त्यात बंद झाली, तर उमेदवाराच्या हाती मूक यंत्र उरते. ‘कॅप्स लॉक’चाही स्वतःचा त्रास आहे. ती आज्ञाकळ म्हणून वापरताना चटकन दोनदा दाबली गेली, की मोठ्या अक्षरांचे टंकन सुरू होते आणि परवलीचा शब्द चुकतो. अंकांच्या चौकोनाची गोष्टही अशीच आहे. ‘नम लॉक’ चालू राहिले, तर आज्ञेऐवजी उत्तराच्या रकान्यात आकडे उमटतात.

यंत्रे बदलली, प्रशिक्षण मागे राहिले

अनेक प्रशिक्षण केंद्रांत संगणकाचे शिक्षण टेबलावरील यंत्रावर आणि पूर्ण कळफलकावर सुरू झाले. त्यामुळे एका पिढीच्या बोटांत डेस्कटॉप रचना मुरली. पुढे विद्यार्थ्याच्या हाती आलेले यंत्र मात्र बहुधा लॅपटॉप असते. नारायणगुड्यातील सामायिक खोलीत एक पलंग आणि एक छोटे मेज एवढीच जागा मिळत असेल, तर टेबलावरील संगणकाचा विचारच संभवत नाही. सोळा इंचांच्या आसपासच्या यंत्रांवर अंकांचा चौकोन आढळतो. चौदा इंच किंवा त्याहून लहान यंत्रांवर तो सहसा नसतो आणि खिशाला परवडणारी, पाठीवर वागवता येणारी यंत्रे याच आकाराची असतात.

उत्पादकांचे निर्णय हा आणखी एक अनिश्चित घटक. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज संगणकांसाठी ‘कोपायलट’ या नव्या कळीची घोषणा केली. कित्येक लॅपटॉपवर या कळीने उजव्या ‘कंट्रोल’ची किंवा ‘मेन्यू’ कळीची जागा घेतली. डोळस वापरकर्त्याला हा बदल जाणवलाही नसेल. उजव्या क्लिकचे काम ‘मेन्यू’ कळीने करणाऱ्या दृष्टिहीन वापरकर्त्याला मात्र ‘शिफ्ट’ आणि ‘एफ१०’ या पर्यायी जोडीची सवय लावून घ्यावी लागली. कळफलक कसा असावा हे ठरवणाऱ्यांच्या मेजावर त्यावर सर्वाधिक विसंबून असणाऱ्यांना जागा नसते, याचे हे ताजे उदाहरण.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती आणि त्यांतील सुमारे ५० लाख दृष्टिबाधित होते. या सगळ्यांना संगणक मिळालेला नाही. पण ज्यांना मिळाला, त्यांच्यासाठी तो शिक्षण आणि स्वतंत्र रोजगाराचा सर्वांत रुंद दरवाजा ठरला. त्या दरवाजाची कडी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या उंचीवर बसवली, तर आत जाणाऱ्याची दमछाक होणारच.

मराठी उमेदवाराचा दुहेरी प्रश्न

मराठीत लिहिणाऱ्यासाठी ‘कळफलक’ या एका शब्दात दोन निवडी दडलेल्या आहेत. पहिली स्क्रीन रीडरच्या आज्ञांची आणि दुसरी लिपीची. नागरी सेवा मुख्य परीक्षेत मराठीत उत्तरे लिहिण्याची मुभा आहे. १९९२ मध्ये आठव्या परिशिष्टात आलेल्या कोकणीलाही ती आहे. प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीत असते. म्हणजे मराठी माध्यमाच्या दृष्टिहीन उमेदवाराला एका भाषेत ऐकायचे आणि दुसऱ्या भाषेत टंकायचे आहे. स्क्रीन रीडरला इंग्रजी आवाज निवडलेला असेल, तर देवनागरी मजकूर नीट ऐकू येत नाही. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’ या मुक्त आवाजप्रणालीत मराठीही आहे आणि कोकणीही. आवाज यांत्रिक आहे, पण सरावाने तो समजतो. केंद्रावरच्या यंत्रात तो निवडता येईल की नाही, हा मात्र वेगळा प्रश्न.

लिपीच्या बाबतीत ‘इनस्क्रिप्ट’ ही शासनमान्य रचना दृष्टिहीनांना विशेष सोयीची आहे. डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजने अशी तिची मांडणी. इंग्रजी ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर बोटांना जाणवणारे उंचवटे असतात. इनस्क्रिप्टमध्ये तेथे अनुक्रमे ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ येतात. तेवढी खूण पकडली, की उर्वरित अक्षरे बोटे शोधून काढतात. उच्चारानुसार रोमन अक्षरे टंकून मराठी उमटवणाऱ्या साधनांत पर्यायी शब्दांची यादी पडद्यावर उघडते. ती वाचून दाखवली जाईलच, याची शाश्वती नसते. डोळस माणसाला सोपी वाटणारी ही पद्धत न पाहता लिहिणाऱ्याला त्यामुळे गोंधळात टाकते.

इनस्क्रिप्टचा दुसरा गुण हैदराबादेत अधिक उठून दिसतो. भारतीय भाषांतील समान उच्चाराची अक्षरे या रचनेत समान जागी असतात. मराठी ‘क’ जेथे आहे, तेथेच तेलुगू ‘क’ आणि कन्नड ‘क’ही आहे. घरी मराठी आणि शाळेत तेलुगू शिकलेल्या मुलाला दुसऱ्या लिपीसाठी बोटांना नव्याने वळण लावावे लागत नाही. मराठी, कोकणी, कन्नड आणि हिंदी यांच्यात रोज वावरणाऱ्या गोव्यालाही ही बाब लागू पडते.

याउलट, अनेक कार्यालयांत अद्याप रेंगाळणारे जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट स्क्रीन रीडरच्या दृष्टीने निरर्थक आहेत. पडद्यावर सुबक मराठी दिसते, पण यंत्राच्या आत रोमन चिन्हांची रास असते आणि वाचकाच्या कानी निव्वळ गोंगाट पडतो. छायाचित्राच्या रूपात टाकलेली परिपत्रके तर पूर्ण मुकीच असतात. कळफलक कितीही सुयोग्य असला, तरी मजकूरच वाचनीय नसेल, तर तो काय करणार?

कायद्याची दिशा

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये ‘समुचित सुविधा’ ही संकल्पना केंद्रस्थानी आहे. इतरांवर अवाजवी भार न टाकता व्यक्तीच्या गरजेनुसार केलेला आवश्यक बदल, असा तिचा आशय. ‘विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही संकल्पना अधिक ठाम केली आणि लेखनिकाची सोय ठरावीक टक्केवारीच्या अपंगत्वापुरती सीमित ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘राजीव रतुडी’ प्रकरणात, सुलभतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम १५ न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करण्यास सरकारला सांगितले. या प्रकरणात न्यायालयासमोर आलेला अभ्यास अहवाल हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील दिव्यांगत्व अध्ययन केंद्राने तयार केला होता. ३० एप्रिल २०२५ च्या ‘प्रज्ञा प्रसून’ निकालाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला.

कळफलकाविषयीही सरकारी पातळीवर विचार झाला होता. केंद्राच्या २०१८ मधील परीक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांनी उमेदवाराला स्वतःचा संगणक आणण्यास मनाई केली, परंतु कळफलकासारखी साहाय्यक साधने वापरू द्यावीत आणि केंद्रावरील संगणक एक दिवस आधी तपासू द्यावा, असे सांगितले. या दोन वाक्यांत अर्ध्या समस्येचे उत्तर आहे. आपला कळफलक आपल्या हाती आणि यंत्राशी आदल्या दिवशी ओळख, एवढे खरोखर घडले, तर बहुतेक घोटाळे टळतील. लेखनिकाच्या जागी स्क्रीन रीडर येत असताना ही तरतूद कागदावरच राहिली, तर उमेदवाराचे परावलंबन संपणार नाही. लेखनिकावरचे अवलंबित्व जाऊन केंद्रावरच्या तंत्रज्ञाच्या मर्जीवरचे अवलंबित्व येईल.

एकच रचना सर्वांसाठी?

प्रशासनाला प्रमाणीकरण म्हणजे एकरूपता वाटण्याचा धोका येथे आहे. लॅपटॉप रचना लहान यंत्रावरही चालते आणि मोठ्यावरही, मग तीच सक्तीची का करू नये, असा युक्तिवाद होऊ शकतो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. आज नव्याने शिकणाऱ्या मुलाला लॅपटॉप रचनाच आधी शिकवणे हिताचे आहे, कारण ती कोठेही सोबत येते आणि हातांना टंकनाच्या मूळ जागेपासून दूर जावे लागत नाही. परंतु दहा-पंधरा वर्षे अंकांच्या चौकोनावर हात बसलेल्या उमेदवाराला परीक्षेच्या दिवशी ती पत्करायला लावणे ही समानता नव्हे. एनव्हीडीएत रचना बदलण्यासाठी सेटिंगमधील एक पर्याय बदलावा लागतो, त्याला पैसा लागत नाही. प्रश्न त्या पर्यायापर्यंत उमेदवाराला पोहोचू देण्याचा आहे.

सुरक्षेचा आक्षेप अधिक गंभीर. बाहेरून आणलेल्या कळफलकात मजकूर साठवण्याची क्षमता असू शकते, ही भीती निराधार नाही. त्यावरचा उपाय बंदी नसून पर्याय हा आहे. अंकांचा चौकोन असलेला साधा तारेचा यूएसबी कळफलक काही शे रुपयांत मिळतो. तो केंद्रानेच ठेवावा. उमेदवाराने अर्जातच स्क्रीन रीडरचे नाव, आज्ञांची रचना, आज्ञाकळ, आवाजाची भाषा आणि लिपीची रचना नोंदवावी. वाचनाचा वेग त्याला यंत्रावर स्वतः ठरवता यावा. परीक्षेची ‘सुरक्षित’ प्रणाली दृष्टिहीन वापरकर्त्यांकडून आधी तपासून घ्यावी. पर्यवेक्षकाला निदान एवढे ठाऊक असावे, की कानाला हेडफोन लावून झपाट्याने कळा दाबणारा उमेदवार काही गैर करत नसून प्रश्न वाचत आहे.

गोव्यासाठी धडा

लहान राज्याला अशा सुधारणांत एक लाभ असतो. केंद्रे मोजकी, उमेदवार मोजके आणि निर्णय घेणारी कार्यालये एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर. गोव्यात लोकसेवा आयोग आणि कर्मचारी निवड आयोग संगणकाधारित परीक्षा घेतात. कायद्यानुसार शासकीय पदांतील ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात आणि त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. या जागांसाठी बसणारा उमेदवार संगणकापुढे स्वतःच्या बळावर परीक्षा देऊ शकतो का, हे तपासण्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

जानेवारी २०२३ पासून गोव्याने पर्पल फेस्टच्या रूपाने समावेशक राज्य अशी ओळख उभी केली. पणजीत देशभरातून आलेल्या दिव्यांगांनी ते व्यासपीठ गाजवले. उत्सवाच्या मांडवात दाखवली जाणारी साहाय्यक साधने परीक्षागृहातील मेजावर पोहोचली, तर त्या ओळखीला अर्थ येईल. राज्य दिव्यांगजन आयुक्तालय, शिक्षण खाते आणि परीक्षा घेणारे आयोग यांनी एकत्र बसून दोन-तीन केंद्रे पूर्णतः सज्ज केली आणि वर्षातून ठरावीक दिवशी तेथे सराव परीक्षा ठेवली, तर इतर राज्यांना अनुकरण करण्याजोगा नमुना गोव्यात उभा राहील. शाळांनीही आपला वाटा उचलावा. दृष्टिहीन मुलाला संगणक देताना दोन्ही रचनांची तोंडओळख आणि इनस्क्रिप्टचा पाया एकाच वेळी दिला, तर पुढे कोणतेही यंत्र त्याला परके वाटणार नाही.

नारायणगुड्यातील त्या खोलीत हेडफोन लावून बसलेल्या उमेदवाराला गुणांत सवलत नको आहे. अभ्यास त्याने केला आहे, उत्तर त्याला ठाऊक आहे. ते उत्तर आणि पडदा यांच्यामध्ये आहेत त्या शंभरेक कळा. परीक्षेने त्याचे ज्ञान तपासावे, अनोळखी कळा शोधण्याचे कौशल्य नव्हे. स्क्रीन रीडरला मान्यता देताना कळफलकाची निवड त्याच्या हाती ठेवली, तरच ती मान्यता पूर्ण होईल.